कयाधूचा पेला

"खुर्ची आणा," असं श्रीपादबुवा म्हणाले, तेव्हा पेटीवर बसलेल्या तात्या कुंभोजकरांचा हात भात्यावरच थांबला.

नारदाची गादी ही उभं राहण्याची जागा. बसून प्रवचन होतं, बसून पुराण होतं. कीर्तन बसून होत नाही. हे सांगलीच्या पेठेतल्या नृसिंहमंदिरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे खुर्ची आणायला कुणी उठेना. बुवांनी खांबाला हात टेकला. गुडघे थरथरत होते, धोतराची निरी घामानं चिकटली होती, आणि एकेकाळी कीर्तनात गिरकी घेणारा हा माणूस स्वतःच्याच देहाखाली दबून धापा टाकत होता. त्यांनी आख्यानाचा उत्तररंग न करताच आरती घ्यायला सांगितली.

बायकांच्या बाजूला बसलेल्या वैजयंतीनं मान खाली घातली. बुवांची ही एकुलती एक लेक. चरबी आणि भूक यांवर संशोधन करण्यात तिची उमर चालली होती, आणि तिचाच बाप चरबीनं गादीवरून उतरत होता.

घरी आल्यावर बुवांनी फेटा खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि फडताळातला शंकरपाळ्यांचा डबा काढला.

"बाबा, आत्ता?"

"अगं, आत्ताच तर लागतं." त्यांनी दोन शंकरपाळ्या तोंडात टाकल्या. "तुझी आई गेली त्या दिवसापासून हे डबे माझ्या मागं लागलेत. लोकांचं दुःख डोळ्यांतून जातं, माझं पोटात गेलं. काय करू सांग."

वैजयंतीला खरं तर उत्तर माहीत होतं. ते तिच्या प्रयोगशाळेत, पिंजऱ्यांच्या रांगेत, रोज कुरतडत बसलेलं असायचं.

तिथं जन्मजात लठ्ठ जातीचे उंदीर होते. पोट भरल्याची खबर त्यांच्या मेंदूला पोहोचतच नाही, म्हणून ते खात राहतात आणि उशीसारखे फुगतात. पण फार पूर्वीच एक गंमत लक्षात आली होती. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. या उंदरांच्या त्या ग्रंथी काढून टाकल्या, की त्यांचं खाणं आपोआप ताळ्यावर येतं, शरीर अन्न साठवायचं सोडून जाळायला लागतं आणि लठ्ठपणा ओसरतो. ग्रंथीतलं संप्रेरक परत टोचलं, की उंदीर पुन्हा ढोल. म्हणजे दोष जन्माचा असला तरी त्याला बळ देत होतं ते तणावाचं संप्रेरक.

माणसात त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. वैजयंतीनं ते वडिलांना त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं.

"बाबा, हा देहाचा कारभारी आहे. वाघ मागं लागला की यकृताच्या कोठारातली साखर काढून हातापायांना वाटतो. वाघ गेला की मेंदूला सांगतो, आता खा, कोठार भरून ठेव. उपाशी असताना साखर टिकवून धरतो तोही हाच."

"मग चांगलाच आहे की कारभारी."

"वाघ निघून जातो तोवर चांगला. दुःख निघून जात नाही ना. हा रोज हाकारे घालतो, खा, साठव, खा, साठव. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा वाघ अजून दारातच बसलाय."

बुवांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "वाघ नको म्हणूस तिला. फार गरीब होती बिचारी."

वैजयंतीच्या गटानं ग्रंथी न काढताच काम साधलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू दंडाच्या कातडीखाली बसवायची. तिच्यातून झिरपणारे रेणू यकृतात, चरबीत आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्रात जाऊन कॉर्टिसॉलच्या जागा अडवून बसत. कारभारी ओरडत राही, पण ऐकणारं कुणी नसे. सगळे त्या वस्तूला मणी म्हणत. मणी बसवलेले उंदीर सडपातळ झाले, चपळ झाले. एक जाडजूड उंदरीण होती, तिला पिंजऱ्यांपाशी सगळे भीमाबाई म्हणायचे. पूर्वी पिल्लू घरट्याबाहेर पडलं की भीमाबाई धडपडत जाऊन त्याला तोंडात धरून आणायची. मणी बसल्यावर तिनं बाहेर पडलेल्या पिल्लाकडं पाहिलं, मिशा साफ केल्या, थोडं पाणी प्यायली, आणि मग सवडीनं जाऊन पिल्लू आणलं.

"शांत झाली," असं सगळे म्हणाले. वैजयंतीही म्हणाली.

माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा खुर्चीचा तो प्रसंग ताजा होता.

"म्हणजे मी उंदीर?" बुवांनी विचारलं.

"गणपतीचं वाहन आहे बाबा. नावं ठेवू नका."

"लेकीनं बापाला मूषक केला. कीर्तनात सांगतो बघ," म्हणून ते पोट हलवून हसले, आणि तयार झाले.

मणी बसवण्याआधी डॉक्टर इम्तियाज शिकलगारांनी त्यांना तपासलं. हृदयाचे डॉक्टर, वैजयंतीचे जुने स्नेही, मिरजेचे. बोलणं सावकाश आणि नेमकं.

"बुवा, एक पथ्य आहे. पोट रिकामं ठेवायचं नाही. मणी असला की उपाशीपोटी साखर सांभाळायला कुणी नसतं. जेवण चुकवता का कधी?"

बुवांनी स्वतःच्या पोटावर हात फिरवला. "डॉक्टर, हा घेर बघून तुम्हाला हा प्रश्न सुचला तरी कसा?"

तिघंही हसले. बुवा खोटं बोलले नव्हते. त्यांच्या घरात एकादशी होती, प्रदोष होता, वैशाखातल्या नृसिंहजयंतीला दिवे लागेपर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याची तीन पिढ्यांची रीत होती. पण ते व्रत. जेवण चुकणं वेगळं. जेवण चुकतं ते आळशाचं नाहीतर गरिबाचं. वैजयंतीही त्याच घरात वाढलेली. डॉक्टरांचा प्रश्न आणि वडिलांचं उत्तर यांच्या मधून एक अख्खा वैशाख निसटून गेला, तो तिलाही दिसला नाही.

मण्यानं काम चोख केलं. डबे फडताळात राहिले. बुवांच्या मनात खाण्याचा विचार आला तर खायचे, नाहीतर वैजयंती आठवण करायची. पावसाळा संपेपर्यंत बंडी सैल झाली, दिवाळीपर्यंत गुडघे मोकळे झाले, आणि मार्गशीर्षात बुवा गादीवर उभे राहिले ते शेवटच्या आरतीपर्यंत. त्यांनी एक गिरकीसुद्धा घेतली. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. वैजयंतीला वाटलं, आपल्या शिक्षणाचं आज सोनं झालं.

आरतीनंतर तात्या कुंभोजकर पेटीला गवसणी घालत म्हणाले, "वैजूताई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला की तात्या."

"बुवांचा सूर पक्काय. श्वास पुरतोय. पण पूर्वी मी त्यांच्या मागनं जायचो. कुठं अडतील, कुठं गहिवरतील, माझी बोटं वाट बघायची. आता ते अडतच नाहीत ओ. कुणी पाठांतर म्हणतंय असं वाटतंय."

"वय झालं तात्या."

"माझंबी झालंय," तात्या म्हणाले आणि त्यांनी गवसणीची नाडी आवळली.

कीर्तन ऐकणारे काही मूर्ख नसतात. बुवांचं प्रल्हादाख्यान म्हणजे चार गावचा लौकिक. त्यातला एक प्रसंग लोक वर्षभर आठवत. हिरण्यकश्यपूची आज्ञा होते, की प्रल्हादाला विष द्यायचं आणि ते त्याच्या आईनंच द्यायचं. कयाधू पेला घेऊन लेकराजवळ येते. इथं बुवा उजवा हात पुढं करायचे, हातात काही नसायचं, आणि तो हात असा कापायचा की पुढच्या रांगेतल्या बायका पेला सांडेल म्हणून दचकायच्या. "घे बाळा," एवढंच ते म्हणायचे. आवाज फुटायचा नाही. मंडपात डोळ्यांना पदर लागायचे.

यंदा पौषात शेजारच्या गावी त्यांनी ते आख्यान केलं. हात पुढं आला. स्वच्छ, स्थिर, दिव्याच्या ज्योतीसारखा. "घे बाळा," बुवा म्हणाले, प्रत्येक अक्षर ऐकू आलं, आणि मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागली.

माघात वत्सलाबाईंचं, वैजयंतीच्या आईचं, श्राद्ध झालं. बुवांनी सगळं यथासांग केलं. पूर्वी पिंडाला नमस्कार करताना त्यांना उठवावं लागे. या वेळी ते स्वतःच उठले आणि पानावर जाऊन बसले. दुपारी वैजयंती भांडी आवरत होती, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वैजू, मणी काढून टाक."

"काय होतंय बाबा? दुखतंय का?"

"दुखत नाही, तेच सांगतोय. वत्सला मला आठवते. चेहरा आठवतो, हाक आठवते. पण ती आधार कार्डावरच्या फोटोसारखी. ओळख पटते, बाकी काही नाही." ते तक्रार करत नव्हते, हवापाणी सांगावं तसं सांगत होते. "आणि देवाला हाक मारता येत नाही गं. हाक मारायला काहीतरी अडलेलं लागतं. माझं काहीच अडत नाही."

वैजयंतीच्या डोळ्यांसमोर मिशा साफ करणारी भीमाबाई येऊन गेली. भुकेचं केंद्र आणि काळजीचं केंद्र मेंदूत एकाच वाड्यातल्या भाडेकरूंसारखी भिंतीला भिंत लावून राहतात. एकाचं दार लावलं की दुसऱ्याकडंही हवा जात नाही. हे तिला कळायला लागलं होतं, पण अजून तिनं ते तोंडानं उच्चारलं नव्हतं.

"मणी काढला तर सगळं परत येईल बाबा. मणी काढलेले उंदीर आधीपेक्षा जास्त फुगतात. तुमचं हृदय आधीच दमलंय."

"येऊ दे की. माझंच आहे, परकं थोडंच आहे?"

"गादीवर उभं राहता येणार नाही."

बुवांनी विचार केला. "आत्ता तरी कोण उभं असतं तिथं?"

तिनं हातातलं भांडं पालथं घातलं. शेवटी म्हणाली, "नृसिंहजयंतीचं कीर्तन होऊ दे. घरचा उत्सव आहे, उभं राहून करा. दुसऱ्या दिवशी मी स्वतः काढवते."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी नळाखाली हात धरला आणि तो ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. आशीर्वाद देण्याची ती त्यांची जुनी रीत होती. बाकी काही गेलं तरी रीत राहिली होती.

वैशाखात कृष्णाकाठ तव्यासारखा तापला. पूर अडवणाऱ्या भिंतींवर लावलेल्या सौरपट्ट्यांकडं दुपारी बघवत नव्हतं. उत्सवाच्या आदल्या दिवशी वैजयंतीनं डबा भरून ठेवला आणि प्रयोगशाळेत गेली. संध्याकाळी डबा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी सवयीनं भरलेला डबाही तसाच. तिनं तो घासून पालथा घातला. दोन्ही दिवसांचं जेवण गल्लीतल्या गाईनं खाल्लं होतं, हे तिला नंतर कळलं.

बुवांचे गुरू म्हणायचे, पोटात भूक असली की आवाजाला ओल येते. म्हणून बुवांनी यंदा आदल्या दिवसापासूनच निर्जळी धरली होती. त्यांना भूक हवी होती. एका दिवसात ती आली नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीही तिची वाट पाहिली. ज्याला भूक लागते तो कधीतरी हरतो आणि खातो. बुवांना हरवायला कुणी नव्हतंच.

दिवेलागणीला नृसिंहाचा जन्म, म्हणून कीर्तन उन्हं कलताना सुरू झालं. वैजयंती घरी डोकावून मग मंदिरात आली. पूर्वरंग बरा झाला. बुवांना हार घातला, बुक्का लावला, आणि उत्तररंगात प्रल्हाद आला. आख्यान पुढं सरकू लागलं तसा बुवांचा आवाज खाली उतरला. कपाळावर घामाचे थेंब जमले. एकदा ते मध्येच थांबले. तात्यांची बोटं पेटीवर थबकली, आणि तात्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की वैजयंतीला तो लांबून दिसला. बुवा अडले होते.

कयाधू आली. बुवांनी उजवा हात पुढं केला.

हात कापत होता.

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, पूर्वीपेक्षाही जास्त. "घे बाळा," बुवा म्हणाले, आणि शब्द अर्धाच उमटला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी हुंदका दिला. "घे बाळा," त्यांनी पुन्हा म्हटलं. मंडप गदगदला. वैजयंतीच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाबा परत आले! मणी असूनही परत आले! तिनं हात जोडले आणि समोरच्या काळ्या मूर्तीकडं पाहून मनात म्हटलं, देवा, तू आलास.

"घे बाळा," बुवा तिसऱ्यांदा म्हणाले. नजर कुठेच नव्हती.

तेव्हा तिच्यातली भक्तीण थांबली आणि शास्त्रज्ञ जागी झाली. घाम. कंप. अडखळणारी जीभ. त्याच त्या शब्दाची पुनरावृत्ती. तिनं पिंजऱ्यात हे पाहिलं होतं. रात्रभर अन्न न मिळालेला, मणी बसवलेला उंदीर सकाळी असाच थरथरत असे.

"साखर!" ती किंचाळली. "तात्या, त्यांना धरा! साखर आणा कुणीतरी!"

लोकांनी वळून तिच्याकडं रागानं पाहिलं. अशा रंगात कोण ही बाई? तात्या पेटी ढकलून उठेपर्यंत बुवा गादीवर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा, नारदाच्या गादीवर, मांडी घालून. मग हळूच आडवे झाले. काही लोक अजून रडतच होते.

मिरजेच्या इस्पितळात साखर शिरेतून चढली, संप्रेरकाचे मोठे डोस गेले. पण जे घडायचं ते घडून गेलं होतं. डॉक्टर शिकलगार बाहेर येऊन तिच्याजवळ बसले.

"जीव वाचला. हृदयाला मोठा धक्का आहे. शुद्धीवर येतील, पण किती येतील सांगता येत नाही." ते तिच्याकडं वळले. "वैजयंती, आता मण्याचं ठरवायला हवं. काढला, तर कारभारी परत येईल, सगळा जोर घेऊन. भूक येईल, वजन येईल. या हृदयाला ते पेलणार नाही. वर्ष काढतील, फार तर दीड. ठेवला, तर दर काही तासांनी मक्याच्या स्टार्चचं पाणी पाजायचं, सावकाश साखर सुटत राहते. घड्याळ चुकवायचं नाही. मग दहा वर्षंही जगतील."

"कसे जगतील?"

शिकलगारांनी चष्मा काढून पुसला. "शांत," ते म्हणाले.

ती बाहेरच्या व्हरांड्यात आली. तात्या बाकावर बसले होते, मांडीवर कागदी पुडा.

"शुद्धीवर आले का?"

"नाही अजून."

"उद्या मणी काढणार होता न्हवं तुम्ही? काल बुवा मला म्हणाले, तात्या, परवापासनं माझं रडणं परत चालू, पेढे वाट." तात्यांनी पुडा पुढं केला. "आणून ठेवलेत बघा."

वैजयंतीनं पुडा घेतला. आत गेली. वडिलांच्या उशाशी उभी राहिली. त्यांच्या कपाळावरचा बुक्का कुणी पुसला नव्हता. दिलेला शब्द तिला आठवत होता, डोक्यावरचा ओला हात आठवत होता. वर्ष, फार तर दीड. त्या वर्षात ते आईसाठी रडले असते, डबे उघडले असते, एकदा तरी देवाला हाक मारली असती. आणि मग घरात ती एकटी उरली असती.

"ठेवा मणी," ती म्हणाली.

बुवा शुद्धीवर आले. चालू लागले, बोलू लागले. तिनं घाबरत घाबरत त्यांना सांगितलं, की मी शब्द मोडला. ते रागावतील, पाठ फिरवतील, निदान गप्प तरी बसतील, असं तिला वाटलं होतं. नव्हे, तशी आशाच होती.

"बरं," बुवा म्हणाले. "तुला बरं वाटलं ना? मग झालं."

कीर्तन त्यांनी सोडलं. खंत करून नव्हे. आता जमत नाही म्हणाले आणि चिपळ्या तात्यांना देऊन टाकल्या. सकाळी ते जास्वंदीला पाणी घालत, शेजाऱ्यांशी गोड बोलत. घड्याळ वाजलं की वैजयंती पेला घेऊन येई. ते काय आहे, किती आहे, कधीच विचारत नसत. शेवटच्या थेंबापर्यंत पीत. पेला द्यायला उशीर होईल या धास्तीनं तिची झोप उडाली. ती प्रयोगशाळेतून मध्येच धावत येई. फडताळातले डबे पुन्हा भरू लागले, पुन्हा रिकामे होऊ लागले. पायऱ्या चढताना तिला धाप लागायला लागली, साड्यांचे ब्लाउज उसवावे लागले. काय चाललंय ते तिच्याइतकं नेमकं आणखी कुणाला कळणार? एका घरातून हाकललेला कारभारी दुसऱ्या देहात बिऱ्हाड थाटून बसला होता.

पुन्हा वैशाख आला. मंदिरात यंदा वाईहून आलेल्या एका तरुण बाईंचं कीर्तन होतं. बुवा पुढच्या रांगेत बसले, पेला द्यायचा म्हणून बायकांची बाजू सोडून वैजयंती त्यांच्याशेजारी. बुवांनी ताल अचूक धरला होता. उत्तररंगात प्रल्हाद आला, मग कयाधू आली, आणि त्या बाईंनी हात पुढं केला. शिकाऊ हात, पण खरा. मंडपात हुंदके सुरू झाले. पेटीवर तात्या मान खाली घालून वाजवत होते.

त्याच वेळी वैजयंतीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं.

तिनं पिशवीतून थर्मास काढला, पेल्यात ते पांढरं पाणी ओतलं आणि वडिलांपुढं धरलं. तिचा हात इतका कापत होता की थोडं त्यांच्या धोतरावर सांडलं. बुवांनी पेला घेतला. समोर काय चाललंय, शेजारी कोण रडतंय, याकडं न बघता निमूट पिऊन टाकला. मग तिचा ओला हात उपरण्यानं पुसला आणि प्रेमळपणे विचारलं, "काय गं, थंडी वाजते का?"

आरती झाली. खिरापत वाटणारा माणूस रांगेतून आला, दोघांच्याही तळहातांवर सुंठ-खोबऱ्याची चिमूट ठेवून गेला. बुवांनी आपली खिरापत कपाळाला लावली आणि तिच्या हातावर उलटी केली.

"तू खा. मला नकोय."

वैजयंतीनं आपली खिरापत खाल्ली. मग त्यांची खाल्ली. तळहाताला चिकटलेला खोबऱ्याचा कीसही तिनं चाटून घेतला, आणि वाटणारा माणूस कुठवर गेलाय ते मान उंचावून बघितलं. तिला भूक लागली होती.